काकूंचे दोन नंबर, अर्थात स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लाइव्ह करायच्या आधी आणि नंतर काय काय तपासायचं

आमच्या सोसायटीत आईची भिशी आहे. १२ नंबर, महिना २,००० रुपये, दर महिन्याला स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी निघते आणि जिचा नंबर लागेल तिला २४,०००. सगळा हिशोब एका दोनशे पानी वहीत. मी पोटापाण्यासाठी ब्लॉकचेनवरचा कोड लिहितो आणि तपासतो, त्यामुळे एकदा दिवाळीच्या सुट्टीत गंमत म्हणून ही भिशी स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे पैसे स्वतःच वाटणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, लिहून काढली. टेस्ट पण लिहिल्या, १२ वेगवेगळी खाती बनवली, प्रत्येकाने पैसे भरले, प्रत्येकाला एकदा भिशी लागली, शेवटी भिशी बंद झाली, स्क्रीनवर सगळं हिरवंगार. मी जरा ऐटीतच आईला लॅपटॉप दाखवला. तिने चष्म्यातून पाहिलं आणि विचारलं, "खालच्या काकूंचे दोन नंबर आहेत, एक त्यांचा आणि एक सुनेच्या नावाचा, पण पैसे त्याच भरतात. ते कसं धरलंयस?"

धरलंच नव्हतं. माझ्या कोडमध्ये अट अशी होती की भिशी मिळालेल्या माणसांची संख्या आणि एकूण नंबर सारखे झाले की मगच भिशी बंद होणार आणि सुरुवातीला घेतलेलं डिपॉझिट परत मिळणार. काकूंमुळे नंबर १२ पण माणसं ११, म्हणजे ती अट जन्मात पूर्ण होणार नाही आणि सगळ्यांचं डिपॉझिट कायमचं आत अडकलेलं.

आता यात हसण्यासारखं काय नाही, कारण हुबेहूब हीच चूक एप्रिल २०२२ मध्ये अकुटार्स नावाच्या एका एनएफटी (ब्लॉकचेनवर मालकी नोंदलेली डिजिटल वस्तू) लिलावात झाली होती. तिथे लिलावातले जादा घेतलेले पैसे लोकांना परत केल्यावरच प्रोजेक्टवाल्यांना आपले पैसे काढता येतील अशी अट होती, ती चांगलीच होती, पण तुलना करताना एका बाजूला बोली लावणारे लोक मोजले आणि दुसऱ्या बाजूला एकूण बोल्या. काही लोकांनी एकापेक्षा जास्त बोल्या लावलेल्या, झालं. साधारण ११,५३९ ईथर (इथेरियम या ब्लॉकचेनचं नाणं), त्यावेळचे जवळपास ३ कोटी ४० लाख डॉलर, त्या कॉन्ट्रॅक्टमध्ये कायमचे कुलूपबंद. चोरी नाही, कोणी नेले नाहीत, समोर दिसतात, फक्त काढता येत नाहीत.

ज्यांना हे क्षेत्र नवीन आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे ब्लॉकचेनवर ठेवलेला एक प्रोग्रॅम, ज्याच्या ताब्यात खरे पैसे असतात. समजा आईची ती वही भर चौकात ठेवलीय, शाईने लिहिलेली, पानं फाडता येत नाहीत, कोणीही येऊन वाचू शकतो, आणि मुख्य म्हणजे पैसे वाटायला आई नाहीये, वहीत जे नियम लिहिलेत त्याप्रमाणे वहीच पैसे वाटते. नियम लिहिताना चूक झाली तर वही त्या चुकीप्रमाणे वाटणार, प्रामाणिकपणे. साध्या ॲपमध्ये बग निघाला तर रात्री जागून फिक्स टाकतात, कोणाचे पैसे डबल गेले तर बँक उलटी एंट्री मारते. इथे व्यवहार एकदा ब्लॉकमध्ये गेला की गेला. म्हणून इथली टेस्टिंग हे वेगळ्याच मनोवृत्तीचं काम आहे. "चालतंय का" हे तर बघायचंच, पण खरा वेळ "कोणी वाकडेपणा केला तर काय होईल" यात घालवायचा, आणि वाकडेपणा म्हणजे दरवेळी चोरीच असं नाही, काकूंनी काय चोरी केली होती?

सुरुवात आपल्याच मशीनवर होते. हार्डहॅट किंवा फाउंड्री यापैकी एखादं टूल घेतात, ते लॅपटॉपवरच एक खोटी छोटी ब्लॉकचेन चालू करून देतं, फाउंड्रीचं ॲन्विल तर चालू केल्या केल्या १० खाती देतं, प्रत्येकात १०,००० खोटे ईथर, करा उधळपट्टी. (त्या खात्यांच्या किल्ल्या जगाला माहीत आहेत, चुकून खऱ्या नेटवर्कवर त्या पत्त्यावर पैसे पाठवले तर बॉट लगेच उचलून नेतात, हे सांगून ठेवतो.) मग एकेक फंक्शन घेऊन टेस्ट लिहायच्या. नवीन मुलं इथे काय करतात तर सगळ्या टेस्ट "झालं पाहिजे" प्रकारच्या लिहितात. पैसे भरता आले पाहिजेत, चिठ्ठी निघाली पाहिजे, वगैरे. त्याच्या दुप्पट टेस्ट "नाही म्हटलं पाहिजे" प्रकारच्या हव्यात: सदस्य नसलेल्याने पैसे काढायचा प्रयत्न केला तर नाही म्हणतो का, एकदा भिशी लागलेली पुन्हा आली तर नाही म्हणतो का, २,००० ऐवजी १,९९९ भरले तर, शून्य भरले तर, मुदत संपल्याच्या नेमक्या त्या सेकंदाला भरले तर.

यातला सगळ्यात गाजलेला वाकडेपणा समजून घ्या, म्हणजे बाकीचे समजायला सोपे जातात. समजा आई आधी पैसे हातात देते आणि मग वहीत टिक मारते. पैसे घेतलेली बाई टिक मारायच्या आत म्हणते, "बघा, माझ्या नावापुढे टिक नाहीये, द्या की माझे पैसे." आई वही बघते, खरंच टिक नाही, परत देते. प्रत्यक्षात कोणी असं फसणार नाही, पण कॉन्ट्रॅक्ट फसतो, कारण इथेरियमवर तुम्ही ज्या पत्त्यावर ईथर पाठवता तो पत्ता माणसाचा नसून दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचा असू शकतो, आणि पैसे पोचताक्षणी त्या दुसऱ्या कॉन्ट्रॅक्टचा कोड चालू होतो, तुमचं फंक्शन अजून अर्धवट असतानाच. तो कोड परत तुमच्याच फंक्शनला हाक मारतो. याला रीएन्ट्रन्सी म्हणतात. १७ जून २०१६ ला द डीएओ नावाच्या फंडातून याच पद्धतीने साधारण ३६ लाख ईथर वळवले गेले, आणि ते परत मिळवायला इथेरियमवरच्या शिलका बदलणारा फोर्क, म्हणजे साखळीला फाटा, पुढच्या महिन्यात काढावा लागला, ज्यांना ते पटलं नाही ते जुन्या साखळीवरच राहिले, तीच आजची इथेरियम क्लासिक.

उपाय एका ओळीचा आहे, आधी टिक, मग पैसे. पण टेस्ट कशी करणार? तर टेस्टमध्ये चोर पण आपणच लिहायचा. म्हणजे एक छोटा दुष्ट कॉन्ट्रॅक्ट लिहायचा जो पैसे आले की लगेच परत मागतो, त्याला भिशीचा सदस्य करायचा, आणि शेवटी त्याच्या हातात २४,००० च आहेत ना हे बघायचं. मला हे काम मनापासून आवडतं, खोटं कशाला बोलू. आणि हो, फंक्शन संपेपर्यंत कोणाला परत आत येऊ न देणारं कुलूपही लावतात, पण ते लावलं म्हणून झोपायचं नाही, जुलै २०२३ मध्ये कर्व्ह या नाणी अदलाबदलीच्या सेवेच्या काही सामायिक गल्ल्यांतून पैसे गेले तेव्हा प्रोग्रॅमरनी रीएन्ट्रन्सीचं कुलूप व्यवस्थित लावलेलं होतं, पण वायपर या भाषेतला कोड मशीनच्या भाषेत बदलणाऱ्या कंपायलरच्या काही जुन्या आवृत्त्यांमध्ये ते कुलूपच नीट बनत नव्हतं.

आता हाताने लिहिलेल्या टेस्टची अडचण अशी की ज्या गोष्टी आपल्या डोक्यात आल्या त्याच आपण तपासतो, काकूंचे दोन नंबर आपल्या डोक्यात येतच नाहीत. म्हणून फझिंग. यात तुम्ही आकडे देत नाही, टूलच काहीच्या काही आकडे फेकत बसतं, फाउंड्री न सांगता प्रत्येक टेस्ट २५६ वेळा चालवते, वाढवायची असेल तर वाढवा. पण याहून दमदार प्रकार म्हणजे इनव्हेरियंट, मराठीत म्हणायचं तर "काहीही झालं तरी हे मोडता कामा नये" असा नियम. भिशीत माझा नियम होता की गल्ल्यातली रक्कम आणि वहीप्रमाणे सगळ्यांचं मिळून जे येणं निघतं त्याची बेरीज, या दोन्ही कायम सारख्या. मग टूलला मोकळं सोडायचं, ते कोणालाही कोणतंही फंक्शन कोणत्याही क्रमाने चालवायला लावतं आणि प्रत्येक वेळी नियम तपासतं.

माझा नियम काही मिनिटांत मोडला. कारण काय, तर उशिरा भरणाऱ्याकडून १०० रुपये दंड घेऊन तो १२ नंबरांत वाटायचा असं मी लिहिलं होतं. सॉलिडिटीमध्ये (असे कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा) अपूर्णांक नाहीत, १०० भागिले १२ म्हणजे ८, वरचं ते गायब. १२ गुणिले ८ म्हणजे ९६. गल्ल्यात ४ रुपये असे राहिले ज्यांना कोणी मालकच नाही. ४ रुपयांनी कोणाचं काय बिघडतं असं वाटेल, पण हेच दर व्यवहाराला, लाखो वेळा, आणि कोणी मुद्दाम अशा रकमा निवडायला लागला की ज्यात राउंडिंग त्याच्या बाजूने पडेल, तर मग ती गंमत राहत नाही. आई अशा वेळी ते ४ रुपये डब्यात टाकते आणि वर्षाअखेरीला भेळेत घालते, तसा नियम कोडमध्ये पण स्पष्ट लिहावा लागतो.

बरं, कव्हरेज १०० टक्के आलं म्हणून नाचू नका. कव्हरेज एवढंच सांगतं की प्रत्येक ओळ एकदा तरी चालली. माझं काकूंच्या वेळी १०० टक्केच होतं. त्यापेक्षा कोडमध्ये मुद्दाम एक चूक घाला, "पेक्षा मोठा" च्या जागी "पेक्षा लहान" करा, आणि बघा एखादी टेस्ट लाल होते का. नाही झाली तर ती ओळ कोणी तपासतच नाहीये.

पुढची पायरी लोक गाळतात, ती म्हणजे खऱ्या नेटवर्कच्या नकलेवर टेस्ट, फोर्क टेस्ट म्हणतात तिला. लॅपटॉपवर आपण डमी नाणं बनवून टेस्ट करतो, ते डमी नाणं अगदी गुणी बाळ असतं. खरी नाणी तशी नसतात. बहुतेक टोकन, म्हणजे ब्लॉकचेनवरची नाणी, १८ दशांश स्थळांनी मोजतात, पण यूएसडीसी हे डॉलरशी बांधलेलं नाणं ६ ने मोजतं, तुम्ही १८ धरून चाललात तर हिशोब एकावर बारा शून्यांनी चुकतो. यूएसडीटी या तसल्याच दुसऱ्या नाण्याची तर तऱ्हाच और, मानकाप्रमाणे पैसे पाठवल्यावर टोकनने "झालं" असं उत्तर द्यायला हवं, इथेरियमवरचं यूएसडीटी काही उत्तरच देत नाही, आणि तुमचा कॉन्ट्रॅक्ट त्या उत्तराची वाट बघत असेल तर व्यवहारच फेल. डमीवर सगळं हिरवं, खऱ्यावर पहिल्याच दिवशी बोंब. फोर्कमध्ये खऱ्या नेटवर्कची एका ठराविक ब्लॉकपर्यंतची अवस्था आपल्या मशीनवर आणून तिच्यावर टेस्ट चालवतात, पैसे खरे जात नाहीत पण वागणूक खरी मिळते.

टेस्टनेटबद्दल, म्हणजे सरावासाठीच्या नेटवर्कबद्दल, फार बोलत नाही. सेपोलिया नावाच्या टेस्टनेटवर टाकायचं, वॉलेट जोडून बटणं दाबून बघायची, वेबसाइटची बाजू तिथे छान तपासली जाते. पण "टेस्टनेटवर तीन महिने चाललं, काही झालं नाही" हा पुरावा नाही, कारण तिथल्या ईथरला किंमत नाही आणि किंमत नसलेल्या तिजोरीकडे चोर फिरकत नाही.

ऑडिट करून घ्या, जरूर घ्या, बाहेरचा माणूस तुमच्यासारखा विचार करत नाही हाच त्याचा फायदा. पण ऑडिट म्हणजे त्या दिवशीच्या त्या कोडवरचं मत. युलर फायनान्स या ब्लॉकचेनवरच्या कर्जसेवेचं ऑडिट एकदा नाही अनेकदा झालं होतं, तरी मार्च २०२३ मध्ये साधारण १९ कोटी ७० लाख डॉलर गेले, आणि भोक कुठे होतं तर नंतर जोडलेल्या एका फंक्शनमध्ये, ज्यात माणसाला स्वतःची ठेव दान करता यायची पण त्यानंतर त्याचं कर्ज झेपण्यासारखं राहतंय का हे तपासलं जात नव्हतं. दान करणारा माणूस वाईट असेल असं कोणाला वाटेल? (बहुतेक पैसे पुढे काही आठवड्यांत परत आले, हे नशीब.)

आता लॉन्चचा दिवस. माझ्या मते सगळ्यात जास्त दुर्लक्ष याच दिवसाकडे होतं, कारण सगळ्यांना वाटतं कोड तर तपासून झालाय. पण लाइव्ह जातं ते नुसतं कोड नसतं, कोड अधिक त्यात भरलेल्या सुरुवातीच्या किमती: मालक कोण, कोणाला काय परवानगी, कोणत्या पत्त्यावर विश्वास. पॅरिटीची गोष्ट यासाठी प्रत्येकाला माहीत हवी. जुलै २०१७ मध्ये पॅरिटी या कंपनीच्या मल्टिसिग पाकिटांतून (वॉलेटमधून) चोरी झाली. मल्टिसिग म्हणजे आपल्या सोसायटीच्या चेकसारखं, अध्यक्ष, सेक्रेटरी, खजिनदार यांच्यातल्या ठरलेल्या सह्या झाल्याशिवाय पैसे हलत नाहीत. पॅरिटीवाल्यांनी लगेच दुरुस्त कोड टाकला. रचना अशी की प्रत्येक पाकीट छोटं आणि सगळ्यांचा मेंदू एका सामायिक लायब्ररी कॉन्ट्रॅक्टमध्ये. त्या लायब्ररीलाही एक "सुरुवात करा, मालक ठरवा" असं फंक्शन होतं आणि लायब्ररी ही काही पाकीट नाही म्हणून ते कोणी चालवलंच नाही. साडेतीन महिने ती बिनमालकाची पडून होती. ६ नोव्हेंबर २०१७ ला एकाने ते फंक्शन चालवलं, मालक झाला, आणि मग नष्ट करायचं फंक्शन चालवलं. ५८७ पाकिटं, ५,१३,७७४ ईथर, सगळे गोठले, आजही तसेच. पकडायला टेस्ट केवढी लागली असती? टाकल्यावर अनोळखी पत्त्यावरून "मालक ठरवा" चालवून बघायचं आणि नकार यायला हवा. बास.

नोमॅड ब्रिजची (ब्रिज म्हणजे एका ब्लॉकचेनवरून दुसरीवर पैसे नेणारी सेवा) १ ऑगस्ट २०२२ ची गोष्ट याच जातीची, अपग्रेड करताना "विश्वासू" म्हणून नोंदवायच्या जागी शून्य भरलं गेलं, आणि न तपासलेल्या प्रत्येक संदेशाची किंमतही शून्यच असते, म्हणजे सगळेच संदेश विश्वासू. लोकांनी पहिल्या चोराचा व्यवहार कॉपी केला, पत्ता आपला टाकला, पाठवला. साधारण १९ कोटी डॉलर असे गेले, त्यात अनेकांना कोडिंग येत असण्याचीही गरज नव्हती.

म्हणून डिप्लॉयची, म्हणजे कोड नेटवर्कवर टाकायची, स्क्रिप्ट हाही कोडच समजून तिची फोर्कवर रंगीत तालीम करायची, आणि खरं टाकून झाल्यावर दुसरी एक स्क्रिप्ट चालवायची जी चेनवरून वाचून प्रत्येक किंमत विचारते: मालक डेव्हलपरचं खाजगी खातं तर राहिलं नाही ना, मल्टिसिगकडे गेलं का, सोर्स कोड इथरस्कॅनवर (इथेरियमवरचे व्यवहार दाखवणारी वेबसाइट) व्हेरिफाय झाला का. मग स्वतःचे थोडेसे खरे पैसे घालून एक पूर्ण फेरी, भरा, काढा, बंद करा. आणि पहिले काही आठवडे एकूण ठेवीवर मर्यादा, चूक निघालीच तर ती परवडेल एवढीच मोठी असावी.

तुम्ही म्हणाल कोड बदलता येत नाही मग अपग्रेड कसला? तर पुढे एक कायमचा पत्ता ठेवतात आणि तो मागच्या कोडकडे बोट दाखवतो, ते बोट बदलता येतं. वही तीच, कारकून नवा. इथे एक खास धोका आहे, नव्या कारकुनाने वहीचे कॉलम त्याच क्रमाने वाचले पाहिजेत. मध्येच एक नवा कॉलम घुसवला तर "कितवा नंबर" चा आकडा "येणे रक्कम" म्हणून वाचला जाईल. त्यामुळे अपग्रेडची टेस्ट रिकाम्या वहीवर करून उपयोग नाही, भरलेल्या वहीवरच करायची. आणि छोटा बदल म्हणून सूट द्यायची नाही. कंपाउंड या कर्जसेवेने सप्टेंबर २०२१ मध्ये प्रस्ताव क्रमांक ६२ लागू केला, त्यात "पेक्षा मोठा किंवा समान" हवं तिथे नुसतं "पेक्षा मोठा" राहिलं, आणि बक्षिसाची नाणी काही लोकांना भरमसाट वाटली जाऊ लागली, सुमारे ८ कोटी डॉलरची. टीमला चूक कळलेली, पण बदलाला मतदान आणि वाट बघायचा काळ मिळून सात दिवस लागतात, लोकांच्या भल्यासाठीच ठेवलेला नियम, त्यामुळे सात दिवस बघत बसले.

दुरुस्ती लिहिली म्हणजे लागली असंही नाही. वर्महोल नावाच्या ब्रिजमध्ये फेब्रुवारी २०२२ ला १,२०,००० ईथरएवढं नाणं हवेतून छापलं गेलं तेव्हा त्या भोकाची दुरुस्ती उघड्या कोडमध्ये लिहून तयार होती, लाइव्ह झाली नव्हती.

आणि लक्ष ठेवणं, हीसुद्धा टेस्टच, फक्त कायम चालू राहणारी. तो गल्ला बरोबर वहीचा नियम लाइव्ह नेटवर्कवर दर ब्लॉकला, म्हणजे इथेरियमवर दर १२ सेकंदाला, एखाद्या बॉटने तपासायचा आणि मोडला की फोन वाजला पाहिजे. रोनिन ब्रिजवर हे नव्हतं. मार्च २०२२ मध्ये १,७३,६०० ईथर गेले, चोरी २३ तारखेची, कळलं २९ तारखेला, तेही कोणा वापरकर्त्याला पैसे काढता येईनात म्हणून. सह्या करणाऱ्यांनी पण सही कशावर करतोय हे वेगळ्या मार्गाने पडताळायला हवं, जुलै २०२४ मध्ये मुंबईच्या वझीरएक्स या क्रिप्टो एक्सचेंजचे साधारण २३ कोटी डॉलर गेले तेव्हा कंपनीचं म्हणणं हेच होतं की स्क्रीनवर दिसलं एक आणि सही झाली दुसऱ्यावर. आपल्याकडच्या किती जणांचे पैसे त्यात अडकले ते वेगळं सांगायला नको.

शेवटचं म्हणजे थांबवायचं बटण. पॉज म्हणतात. ते कोडमध्ये असतं, टेस्टमध्ये हिरवं असतं, पण ते दाबायला सह्या लागतात माणसांच्या. आम्ही एका कामात ५ पैकी ३ सह्यांचं पॉज ठेवलं होतं आणि लॉन्चच्या आधी मी हट्टाने एक ड्रिल करायला लावलं, न सांगता, रविवारी दुपारी दोनला. पहिली सही दोन मिनिटांत. दुसरा जेवून आडवा झालेला, फोन सायलेंट. तिसऱ्याने फोन उचलला पण त्याचं हार्डवेअर वॉलेट (सही करायचं छोटं यंत्र) साताऱ्याला गावच्या घरी कपाटात, चौथा विमानात. पाचवीने घरून सही केली आणि शेवटी दुसरा उठला तेव्हा एक तास बावन्न मिनिटं झाली होती. पुढच्या महिन्यात परत ड्रिल केलं, तेव्हा साताऱ्याचं वॉलेट पुण्यात आलेलं, अकरा मिनिटं लागली, त्यातली सहा एकाचा पिन आठवण्यात गेली.